फाइव्ह-एचा उमेदवार

म्युच्युअल फंडाच्या योजना विकून कमिशन घ्यायचे असेल, तर 'एनआयएसएम सिरीज फाइव्ह-ए' ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. बाजारात तिला नुसते फाइव्ह-ए म्हणतात. ती घेणारी संस्था 'सेबी'ने २००६ साली स्थापन केली असून तिचे आवार रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. प्रश्न १००, गुण १००, वेळ दोन तास, उत्तीर्ण व्हायला ५० गुण. उत्तर चुकले तरी गुण कापत नाहीत. इतक्या सोशिक परीक्षेसाठी जो गृहस्थ वर्षभर 'अभ्यास चालू आहे' असे सांगत हिंडतो, तो फाइव्ह-एचा उमेदवार होय.

उमेदवारांचे मुख्य प्रकार तीन. पहिला विमा एजंट. पॉलिसी घेऊन झालेल्या नातेवाइकांना आता दुसरे काय विकावे, या विवंचनेतून तो परीक्षेकडे वळतो. दुसरा बँकेतला कर्मचारी. तो स्वतः वळलेला नसतो. त्याला शाखाधिकाऱ्याने वळवलेले असते. तिसऱ्या प्रकारात पोस्टाची आरडी गोळा करणाऱ्या बाई येतात. तिघांत अभ्यास त्यांचाच खरा होतो, कारण 'माझी परीक्षा आहे' असे घरात सांगण्याची सोय त्यांना नसते. सांगून उपयोगही नसतो. कुकर त्यांनाच लावायचा असतो.

उमेदवाराचे वय साधारण चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असते. याआधीची शेवटची परीक्षा बीकॉमची, आणि तिच्याबद्दल तो फारसे बोलत नाही. अभ्यासाची सुरुवात खरेदीने होते. वर्कबुकाची पीडीएफ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणली जाते. सोबत पिवळा हायलायटर. प्रकरणे बारा. पहिले प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पिवळे होते, दुसऱ्यात पिवळा रंग फक्त मथळ्यांना लागतो आणि चौथ्यापासून कागद कोरा राहतो. हायलायटर मग मुलगी शाळेत नेते.

काटकसरी उमेदवार छपाईचाही खर्च करत नाही. तो मेहुण्याची जुनी प्रत आणतो. त्या प्रतीत शेअर फंडावरचा दीर्घ मुदतीचा कर एक लाखावरच्या नफ्याला दहा टक्के असा दिलेला असतो आणि उमेदवार तो घोकून पाठ करतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हा दर साडेबारा टक्के आणि करमुक्त मर्यादा सव्वा लाख झाली, ही बातमी त्याला परीक्षेच्या आदल्या रात्री मेहुण्याकडूनच कळते.

अभ्यासक्रमातले सर्वांत किचकट प्रकरण फंडाच्या रचनेचे. पैसा गुंतवणूकदाराचा, फंड उभा करणारा प्रायोजक, राखण विश्वस्तांची, कारभार एएमसीचा, रोखे कस्टोडियनच्या ताब्यात आणि खातेदारांची नोंद आरटीएकडे. ज्याच्या गावच्या सातबाऱ्यावर नऊ नावे लागलेली आहेत, त्याला हे एका वाचनात समजते. फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना तीन वाचने लागतात.

वेळापत्रक हा उमेदवाराचा आवडता विषय. ते फ्रिजवर चिकटवलेले असते. पहाटे पाच ते सहा अभ्यास, असे त्यात लिहिलेले असते. पण सोसायटीत पाणीही पाच ते सहाच येते. ऑफिसला जाताना लोकलमध्ये वाचू, हा बेत डोंबिवलीला गाडीत शिरता शिरता संपतो, कारण एक हात कडीला, दुसरा पाठीवरून पोटावर घेतलेल्या सॅकला, आणि पान उलटायला तिसरा हात नसतो. रात्री मोबाइलवर सराव चाचणी सुरू केली की सातव्या प्रश्नाला 'टँकर आला का?' असा निरोप येतो. शनिवारी वास्तुशांत, रविवारी साखरपुडा. त्यानंतर गणपती, आणि गणपतीनंतर मुलाची सहामाही. चाळिशीच्या माणसाने अभ्यास करणे ही घरच्यांना चैन वाटते. 'तुम्हाला कुठे नोकरी लागायची आहे?' हा प्रश्न आई आणि बायको एकाच सुरात विचारतात, आणि दोघींचे एकमत होण्याचा हा एवढाच प्रसंग असतो.

तरी वाचलेले वाया जात नाही. बाजारमूल्याप्रमाणे पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढे स्मॉल कॅप, ही वर्गवारी पाठ झाल्यावर उमेदवार साखरपुड्यात नातेवाईक त्याच क्रमाने लावून पाहतो. पुण्याचे मामा लार्ज कॅप ठरतात. धाकटा चुलतभाऊ स्मॉल कॅप: चढ-उतार फार, पण भविष्य आहे. बहात्तरचा नियमही त्याला येतो. ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे निघतात. बारा टक्क्यांनी सहा वर्षे. वधूपित्याने हॉलला दिलेल्या रकमेवर तो हे गणित जेवणाच्या पंगतीतच करून दाखवतो आणि वाढपी पुढे निघून जातो.

या व्यक्तीचे मुख्य लक्षण मात्र वेगळेच आहे. जे तत्त्व ती पाठ करते, ते स्वतःला लावत नाही. थोडे थोडे, दरमहा, न चुकता, हा एसआयपीचा मंत्र उमेदवार झोपेतही म्हणेल. पण बारा प्रकरणे तो शेवटच्या दोन रात्रींत एकरकमी गुंतवतो. सगळे एकाच ठिकाणी घालू नये हे त्याला माहीत असते, आणि सगळी भिस्त तो मेहुण्याच्या प्रतीवर ठेवतो.

परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्र आणि पॅन कार्ड तपासून त्याला आत घेतात. पुतण्याच्या वयाचा पर्यवेक्षक 'काका, मोबाइल बाहेर ठेवा' म्हणतो. पुढचे दोन तास त्याला कोणी हाक मारत नाही, पाणी येत नाही, टँकरची चौकशी होत नाही. वर्षभरात सलग मिळालेले हे पहिलेच दोन तास, आणि त्यांत तो आरामात साठ-पासष्ट गुण मिळवतो. पास-नापास लगेच पडद्यावर दिसते. 'काठावर का?' असे मुलगा विचारतो, तेव्हा 'पन्नासच पुरतात' हे वाक्य आयुष्यात प्रथमच त्याच्या तोंडून निघते.

पुढे 'ॲम्फी' या फंड कंपन्यांच्या संघटनेकडे नोंदणी होऊन एआरएन हा वितरकाचा क्रमांक मिळतो आणि ज्यांनी अभ्यास होऊ दिला नाही, तेच नातेवाईक ग्राहक होतात. पैसा दुप्पट होण्याची हमी ते मागतात. ती देता येत नाही. स्वतःला सल्लागार म्हणवून घेण्याचीही वितरकाला मुभा नाही. २०१८ पासून आगाऊ कमिशन जवळपास बंद झाले असून शिल्लक रकमेवर वर्षागणिक थोडे थोडे मिळते. मामांनी दोन हजारांची एसआयपी केली आणि कमिशन एक टक्का धरले, तर पहिल्या वर्षी हाती सुमारे १३० रुपये येतात. परीक्षेची दीड हजार रुपये फी भरून निघायला असे डझनभर मामा लागतात.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. मुदतीआधी एक प्रशिक्षणवर्ग पुरा केला की ते पुढे चालू राहते. मुदत गेली की पुन्हा परीक्षा. ज्याला ती द्यायची आहे त्याने आधी फी भरून तारीख घ्यावी आणि मग वेळापत्रक फ्रिजवर लावावे. आधी वेळापत्रक लावलेल्यांची वेळापत्रके अजून फ्रिजवरच आहेत.