घोडनस आणि पोळ्याचा बैल

देहाच्या दरबारात हृदयाला जो मुजरा आहे, मेंदूला जो मान आहे आणि आमच्या रामाकोन्यात तर जठराला जी प्रत्यक्ष गादीच आहे, त्यांचा शतांशही जिच्या वाट्याला येत नाही, ती पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जखडून ठेवणारी, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची, अंगातली सर्वांत जाड अशी घोडनस होय. पोटरीचे स्नायू हे मालगुजार. ते जागच्या जागी आखडून हुकूम सोडतात, आणि तो टाचेपर्यंत बिनबोभाट पोचवणारा हा कोटवार धावताना देहाच्या वजनाच्या कित्येक पट भार सोसतो, तरी टाचेच्या किंचित वरच्या टापूत त्याला रक्ताचा शिधाही तुटपुंजाच मिळतो. थेटिसने आपल्या पोराला, अकिलीसला, स्टिक्स नदीत बुचकळले ते टाच धरून, म्हणून तेवढी टाच कच्ची राहिली, ही ग्रीकांची कथा. पुढे १६९३ मध्ये फिलिप व्हेरहेयेन या शारीरवेत्त्याने आपल्या ग्रंथात त्या अकिलीसचेच नाव या नसेला दिले. आपल्याकडे तर साक्षात भगवंत पायाला बाण लागून निजधामास गेले. पण त्यावरून पाय जपावेत, असे कोणा कीर्तनकाराने सुचवल्याचे ऐकिवात नाही.

आमचे मामा वर्षभर ओसरीवरच्या आरामखुर्चीलाच जहागीर समजत. अशा या गृहस्थाने पंचेचाळिशी उलटल्यावर एका पोळ्याला, तोरण तुटून बैल उधळताच, धोतराचा सोगा सावरीत त्यांच्यामागे जी धाव घेतली, ती देवळाच्या पारापर्यंतही पोचली नाही. फटकन आवाज झाला, आणि मामा मातीत बसून, मागे वळून गर्जले, “मले कोनं लाथ मारली बे?”

मागे कोणीच नव्हते. ही नस तुटली की मागून कोणी लाथ हाणल्याचा भास होतो, हे वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहे. परंतु पोळ्याच्या दिवशी लाथेचा संशयित हुडकायला ग्रंथ लागत नाहीत. शेजाऱ्याच्या पांढऱ्या बैलावर तिथेच खटला उभा राहिला, आणि जनावर पुढे व मामा मागे असताना लाथ मागून कशी बसेल, ही मालकाची बिनतोड कैफियत बहुमताने खारीज होऊन हळदीच्या लेपाचा ठराव मंजूर झाला.

नागपूरच्या डॉक्टरांनी मामांना पालथे निजवून पोटरी मुठीत दाबली. नस शाबूत असती तर पंजा आपसूक खाली झुकला असता, तो ढिम्म. ३० ते ५० वयाचे, एरवी बैठे आणि एखाद्याच दिवशी अंगात वारे संचारणारे पुरुष हेच या दुखण्याचे ठरलेले गिऱ्हाईक, असे त्यांनी सांगताच मामींनी, का कोण जाणे, माझ्याकडे पाहिले. पंजा खाली रोखलेले प्लास्टर मिरवीत मामा खाटेवर स्थानापन्न झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, “जामसावळीचा मारुती निजून तरी नवसाले पावते. ह्यायच्या निजण्याचा कोनाले उपेग?”

आंबिया बहाराची संत्री उतरली, तेव्हा मामा भिंतीला हात टेकून, डॉक्टरांच्या फर्मानाप्रमाणे, टाचा उचलण्याचा व्यायाम करीत होते. बैलाचा मालक टोपलीभर संत्री घेऊन तडजोडीला आला. मामांनी उदार अंतःकरणाने बैलाची निर्दोष मुक्तता जाहीर केली. ते ऐकून मालकाने टोपलीसाठी हात मागे नेला, पण मामींनी ती केव्हाच आत नेली होती.