नवशिक्या स्पीच थेरपिस्टसाठी उपयुक्त सूचना

बारावी सायन्स, मग बीएएसएलपीची चार वर्षं (त्यात एक इंटर्नशिपचं), मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. एवढं झालं की तुम्ही ‘स्पीचवाल्या मॅडम’. नातेवाईक विचारतील, “म्हणजे वक्तृत्व शिकवतेस ना?” हो म्हणा, वेळ वाचतो.

पहिला पेशंट तीन वर्षांचा असेल. सोबत आई, बाबा, आजी. चेंडू दाखवून तुम्ही त्याला विचाराल, “हे काय?” आजी उत्तर देतील, “सांग ना बाळा, चेंडू!” आजींशी वाद घालू नका. याचा बाप पाच वर्षांपर्यंत बोलला नव्हता, हा पुरावा त्यांच्यापाशी तयार असतो आणि वेखंड उगाळून चाटवूनही झालेलं असतं. सगळ्यांना बाहेर बसवा. चेंडू धरून गप्प राहा. मनात पाच आकडे मोजा, वाटलं तर दहा. बोलायला शिकवणाऱ्याचं निम्मं काम गप्प बसण्याचं. उरलेलं निम्मं, त्याची फी का घेता हे बाबांना पटवण्याचं.

चार वर्षांच्या पोराला ‘र’ येत नाही, म्हणून कुणी हवालदिल होऊन येईल. तो उशिराच येतो, सांगा आणि चहा प्या.

मग वॉर्डातून बोलावणं येईल. पक्षाघात झालेल्या आजोबांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण एक ते दहा खडखडीत म्हणतात, रामरक्षा म्हणतात आणि सुई टोचली की नर्सला अस्सल शिवी देतात. मुलगा म्हणेल, “नाटकं आहेत.” नाटकं नव्हेत. अफेजियात पाठ असलेलं, सवयीचं बोलणं बरेचदा शाबूत राहतं. शिवीची नोंद फाइलमध्ये करा, शब्दशः नको. त्याच फेरीत त्यांना घोटभर पाणी पाजून ठसका लागतो का तेही बघा. “गिळण्याशी स्पीचचा काय संबंध?” असं सूनबाई विचारणारच. जीभ आणि घसा दोन्हीकडे तेच, आणि पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

तोतरं बोलणाऱ्याला “सावकाश बोल” म्हणू नका. तो सल्ला त्याला वॉचमनपासून सगळ्यांनी दिलेला आहे.

आणि मूल बोलत नसेल, तर आधी श्रवणचाचणी. “टाळी वाजवली की वळतो हो” असं घरचे म्हणतील. म्हणू द्या. लहान असेल तर बेरा चाचणीला पाठवा आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय थेरपीची तारीख देऊ नका.