आशीर्वादाची काच

ट्रकमधून खडी उडाली, पुढच्या काचेचा टिकलीएवढा टवका गेला, की गाडीमालकातला तत्त्वज्ञ जागा होतो. ‘चालवताना दिसतो का? नाही ना? मग राहू दे!’ पंधरा लाखांच्या गाडीचे हप्ते हसतमुखाने भरणारा हा गृहस्थ, टवक्यात रेझिन भरायचे किरकोळ पैसे ऐकून ‘लुटायलाच बसलेत’ म्हणतो. मग बायकोचे नेलपॉलिश येते. तेही हरले की त्याच जागी ‘आईचा आशीर्वाद’ चिकटतो.

काचेला मात्र तत्त्वज्ञान कळत नाही. दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा, अशी तिची बांधणी. बाहेरच्या थरातला नाण्याहून लहान टवका वेळीच भरला तर बहुधा तिथेच थांबतो. पण वर मे महिन्याचे ऊन, आत गारेगार एसी आणि खाली पालिकेचे खड्डे असे त्रिकूट जमले, की टवक्याचा तडा होतो. तो काठाला भिडला किंवा चालकाच्या नजरेसमोर आला, की काच बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

आता तत्त्वज्ञाचा हिशेबनीस होतो. विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत हे ऐकून तो उडी मारतो. दावा केला की ‘नो क्लेम बोनस’वर गदा येते हे ऐकून खाली बसतो. शिवाय काचेबरोबर जुना फास्टॅगही जातो, हे दुःख वेगळेच.

निर्णय सोपा आहे: टवका असेल तर आजच भरा, लांब तडा असेल तर काच बदला. आणि आशीर्वाद घरी, पाया पडून घ्या.