सात रात्री, बारा हप्ते

मुळशीत आमची जागा आहे, असं मी सोसायटीत बिनदिक्कत सांगतो. खोटं नाही. वर्षातल्या सात रात्री आहे. उरलेल्या 358 रात्री ती कुणाची असते, एवढं तेवढं कुणी विचारू नये.

मुळशीला दलाल नवे नाहीत. चांदणी चौक ओलांडला की पौडपर्यंत टपरीगणिक एक भेटतो. पांढरा शर्ट, गॉगल आणि खिशात दुसऱ्याच्या सातबाऱ्याची झेरॉक्स. मला भेटलेला मात्र पुढच्या पिढीतला निघाला. तो जमीन विकतच नव्हता, वेळ विकत होता. "सर, गुंठा कशाला घेता? एनए नाही, रस्ता नाही, वर भावकीचा दावा. त्यापेक्षा रिसॉर्टमधला आठवडा घ्या. आठवड्याला भावकी नसते!"

या वाक्यावर मी इतका खूश झालो की चहाचे पैसेही मीच दिले.

नवी मेंबरशिप काही लाखांची, 'रीसेल' मात्र 80 हजारांत. मुदत 25 वर्षं, पैसे बारा हप्त्यांत. सात रात्री, बारा हप्ते. माझा सातबारा तयार झाला. "अहो, पंचवीसमधली उरलीत किती, ते विचारलंत का?" बायकोने विचारलं. मी नव्हतं विचारलं. सहा उरली होती.

महारेराचा नोंदणी क्रमांक मात्र मी दलालाला विचारला होता. पेपर वाचणारा माणूस आहे मी. तो हसून म्हणाला, "सर, रेरा फ्लॅटला आणि प्लॉटला. आपण वेळ विकतो." त्याच्या हसण्याचा अर्थ नंतर कळला. टाइमशेअरसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. फसलात तर ग्राहक आयोगाकडे जायचं, तिथेही वेळच खर्च करायचा.

मग नावावर करायची वेळ आली. कंपनी म्हणाली, आधी ट्रान्सफर फी, त्यावर 18 टक्के जीएसटी. शिवाय आधीच्या मालकाने तीन वर्षांचा मेंटेनन्स थकवलाय, तो तुम्ही भरायचा. आणि हो, मूळ मालक वारलेत. कागदावर सही थोरल्या मुलाची आहे, धाकटा अमेरिकेत आहे, त्याची संमती आणा. म्हणजे आठवड्यालाही भावकी निघाली! बांधावरची भावकी निदान समोर येऊन भांडते. ही व्हॉट्सअपवर निळ्या खुणा दाखवून गप्प बसते.

सगळं भरलं. तेव्हा कळलं, की हा आठवडा देऊन मनालीला किंवा गोव्याला राहायची सोय पहिल्या मालकापुरतीच होती. सेकंडहँड मालकाला सेकंडहँड हक्क. त्यातून माझा हंगाम 'निळा'. या धंद्यात दिवाळी-नाताळचा हंगाम जांभळा, त्याखाली लाल, पांढरा आणि तळाला निळा, म्हणजे ज्या दिवसांत कुणी फिरकत नाही ते. "पावसाळ्यात मुळशी म्हणजे स्वर्ग," असं दलाल म्हणाला होता. खरंच आहे ते. म्हणून तर शनिवार-रविवारी निळ्यावाल्यांना प्रवेश नसतो.

अखेर 2024 च्या जुलैत सोमवार ते गुरुवार असं बुकिंग मिळालं. त्याच महिन्यात, भुशी धरणाजवळच्या दुर्घटनेनंतर, प्रशासनाने मुळशी-मावळातल्या पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले होते. ते योग्यच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही खोलीत बसून ताम्हिणीकडून येणारा पाऊस पाहिला. वीज गेल्यावर तोही दिसेना.

फाटकावरच्या वॉचमनकाकांना मी माझी कहाणी सांगितली. ते धरणग्रस्तांच्या घरातले. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट 'जान किंवा जमीन' म्हणत उभे राहिले, तरी धरण झालंच. काकांनी शांतपणे विडी विझवली. "आमच्या आज्याची जमीन पाण्यात गेली, सायेब. तुमचा आठवडा कशात गेला?"

"पाण्यातच," मी म्हणालो.

मुळशीची ती रीतच असावी. पाऊस इथे पडतो, त्या पाण्याची वीज भिऱ्याला होते आणि दिवे मुंबईत लागतात. पलीकडच्या मोसे खोऱ्यात तर अख्खं शहर विकायला काढलं होतं. त्या लवासाची कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या कज्ज्यात अडकली. त्यापुढे माझे 80 हजार म्हणजे काय, असं मी स्वतःला रोज रात्री झोपताना समजावतो. सात रात्री सोडून, कारण त्या रात्री हिशेब डोळ्यांसमोरच असतो.

परवा त्याच दलालाचा फोन आला. "सर, तुमच्या आठवड्याला पार्टी मिळालीय. दीड लाख द्यायला तयार आहे. फक्त फाइल चार्जेस 12 हजार आधी पाठवा." पार्टीचं नाव विचारलं तर म्हणाला, "गोपनीय आहे." माझं नाव त्याने असंच गोपनीय ठेवून त्या थोरल्या मुलाकडून किती घेतले असतील, हे मी आता विचारतच नाही. फोन ठेवून दिला आणि छोट्या जाहिरातींसाठी मजकूर लिहायला बसलो.

विकणे आहे : मुळशी, तलावाचे दृश्य, एक आठवडा, निळा, वापरलेला जवळजवळ नाही. पाच वर्षं शिल्लक. वारसांच्या सह्यांसह. किंमत बोलून ठरवू. एजंटांनी तसदी घेऊ नये.