टेंशन घ्या, पण साडेपाचला

यवतमाळात कुणाला टेंशन आलं, की पहिला सल्ला जागच्या जागी आणि फुकट मिळतो: "टेंशन नको घेऊ ना बाप्पा." दत्त चौकातला चहावाला हेच सांगतो आणि बँकेच्या रांगेत मागे उभा असलेला अनोळखी माणूसही हेच सांगतो. टेंशन देणारा 'घेता का जी?' असं आधी विचारत असता, तर आम्ही कशाला घेतलं असतं?

पावसानं दगा दिला तरी सल्ल्याचा तुटवडा आमच्याकडे कधी पडला नाही. कुणी म्हणतं, कळंबला जाऊन चिंतामणीच्या पायऱ्या उतरून ये. कुणी रात्री गरम दूध घ्यायला सांगतं. पोरगा महिनाभर खोलीत गप्प बसून असेल, तर त्यावर एक रामबाण उपाय ठरलेलाच आहे: "लग्न करून द्या, येईल ठिकाणावर." त्यामुळे एकाचं टेंशन दोघांत वाटलं जातं, एवढं मात्र खरं.

आमच्या शेजारच्या काकूंना झोप येईना, छातीत धडधड व्हायची. हृदयाची तपासणी झाली, काही निघालं नाही, आणि डॉक्टरांनी त्यांना समुपदेशकाकडे पाठवलं. काकू परतल्या त्या तणतणतच. "एवढी शिकलेली पोरगी, अन् मले म्हणते, काकू, टेंशन घ्या! रोज साडेपाच ते सहा. अन् वहीत लिहा म्हणते."

ही त्या पोरीची गंमत नव्हती. टॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हा उपाय मांडला. चिंता करू नको म्हटलं की मन तीच करतं. म्हणून तिला रोजची एक जागा आणि अर्धा तास नेमून द्यायचा. दुपारी दोन वाजता ती आली, तर वहीत तिचं नाव टिपायचं आणि तिला साडेपाचची वेळ द्यायची. सरकारी कचेरीत आयुष्यभर आपल्याला हेच ऐकवलं जातं. इथे पहिल्यांदा ते आपल्या फायद्याचं ठरतं.

काकूंनी वही मला दाखवली. नातवाच्या गणिताच्या वहीची मागची पानं होती. 'गॅस बंद केला का.' 'पुण्यात पोरगा जेवला का.' 'ह्यांचं बीपी.' 'हळदीकुंकवात नणंद असं काहून बोलली.' साडेपाच वाजेपर्यंत यातल्या निम्म्यांचा दम निघून जायचा. गॅस तर तोवर दोनदा पेटून विझलेला असायचा. नणंद मात्र रोज वेळेवर हजर. मग त्या पोरीनं पुढचे काही आठवडे नणंदेवरच काम केलं म्हणे.

चिंतेला वेळ बांधून देता येते. उदासीचं तसं नाही. तिच्यात माणूस सगळी वेळ एकसारखीच घालवतो. "जरा मन रमव" असं आपण म्हणतो. पण मन रमत नाही, हाच तर आजार! समुपदेशक मनाची वाट बघत बसत नाही. आठच्या आत आंघोळ, मग धुऱ्यापर्यंत एक चक्कर, संध्याकाळी एका माणसाला फोन. बरं वाटो न वाटो, एवढं करायचं आणि केलं की खूण करायची. आधी हातपाय हलतात, मन मागून येतं. गोव्यात 'संगत' संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून सहा ते आठ बैठकांत हे करून दाखवलं. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आपल्या विदर्भातही 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत नैराश्य असलेल्या शंभरांतली जेमतेम चार माणसं उपचार घेत होती. दीड वर्षात ती सत्तावीस झाली.

यवतमाळचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुधा शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांचं अख्खं कुटुंब गेलं, तेव्हापासून. त्यामुळे इथे या विषयावर हसताना जीभ जरा सांभाळावीच लागते. २०१५ मध्ये सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, आणि आशाताई घरोघरी मनाची विचारपूस करू लागल्या. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आमच्याकडचा गडी 'मी उदास आहे' असं मरेपर्यंत म्हणणार नाही. तो म्हणतो, "डोकं जड आहे," "जेवण जात नाही," "कशातच मन लागून नाही राह्यलं." "झोप लागते का जी?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "बियाण्याचं जमलं का लागन." यातून नेमकं काय ऐकायचं, हे कळायला कान तयार लागतो. सगळ्यांत अवघड प्रश्न शेवटी असतो: जीव नकोसा वाटतो का? विचारलं तर तसलं डोक्यात भरेल, ही भीती जुनी आहे आणि खोटीही आहे. उलट कुणीतरी सरळ विचारलं, म्हणून माणूस मोकळा होतो.

आता कुणी म्हणेल, कर्ज खरं आहे, बोंडअळी खरी आहे. समुपदेशक काय कापसाला भाव देणार आहे? नाहीच देणार, आणि चांगला समुपदेशक तसं कबूलही करतो. पण 'भाव पडला' यापाशी माणूस थांबत नाही. 'भाव पडला, म्हणजे मी नालायक, पोरांचं वाटोळं माझ्यामुळेच' असं तो एका दमात म्हणून जातो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं १९५५ मध्ये याच एका दमावर बोट ठेवलं. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि रुजवली. कापसातून कवडी वेगळी काढावी, तसा 'भाव पडला' एकीकडे आणि 'मी नालायक' दुसरीकडे, हे समुपदेशकाच्या खोलीत बसून निवडायचं. निवडून झालं तरी व्याज तेवढंच राहतं. पण बँकेच्या मॅनेजरसमोर ताठ बसून मुदत मागायला माणूस शिल्लक राहतो.

काहींना गोळ्याही लागतात, आणि त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात. "गोळ्यांची सवय लागते बरं" असं या काळात बजावणारे पुष्कळ भेटतात. बजावणाऱ्याच्या गालात बहुतेक वेळा खर्रा असतो.

मग अडतं कुठे? तर दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहिलं, तर संध्याकाळपर्यंत आर्णी रोडपासून दारव्हा रोडपर्यंत सगळ्यांना कळणार, या धाकापाशी. त्यावरही सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी दिवसरात्र फुकट बोलता येतं, तेही मराठीत. पलीकडच्या माणसाला आपली जात, आपली एकरं, आपली नणंद यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि तो आपल्या लग्नाकार्यात येणारही नसतो. घरात बोलायची चोरी असेल, तर वावरातून बोलावं. फक्त आधी रेंज कुठल्या धुऱ्यावर येते ते पाहून ठेवावं.