दाराला लटकलेली दुधाची पिशवी

सकाळी साडेआठला मी कपडे वाळत घालायला खिडकीशी येते, तेव्हा समोरच्या विंगमधल्या वहिनी ग्रीलला टेकून उभ्याच असतात. हातात चहाचा कप, नजर खाली गेटवर.

"अहो, ऐकलंत का? दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. ती नर्स आहे, त्याची रात्रपाळी असते. सामानात पाळणा होता."

"एवढं सगळं कसं कळलं तुम्हांला?"

"विचारलं की! टेम्पो उतरत होता, चहा घेऊन गेले. मालकाने पोलिसांत भाडेकरूची माहिती दिली का, तेही विचारून घेतलं."

वहिनींचा मुलगा यालाच भोचकपणा म्हणतो. त्याच्या मते आता गेटवर अ‍ॅप आहे, जिन्यात कॅमेरे आहेत, आईने निवांत टीव्ही बघावा. वहिनींचं उत्तर ठरलेलं असतं, "कॅमेऱ्याला कोण आलं ते दिसतं रे. कोण दिसलं नाही, ते त्याला कुठे कळतं?"

गेल्या पावसाळ्यात ते मला नीट उमगलं. तळमजल्यावरचे आजोबा एकटे राहतात. सकाळी सात वाजता दुधाची पिशवी आत गेलीच पाहिजे, असा त्यांचा नेम. त्या दिवशी साडेनऊ वाजले तरी पिशवी दाराच्या कडीला लटकलेलीच. वहिनी खाली धावल्या. बेल वाजवली, हाका मारल्या, उत्तर नाही. दुसरी किल्ली समोरच्या गुजराती बेनकडे असते, हे त्यांना ठाऊक होतं. दार उघडलं तर आजोबा बाथरूममध्ये घसरून पडलेले, उठता येईना. 108 ला फोन लावला, लेकाला पुण्याला कळवलं. आजोबा आता काठी टेकत गेटपर्यंत येतात आणि पिशवी सातच्या ठोक्याला आत जाते.

"नाहीतर ते अंधेरीचं आठवतं ना?" वहिनी आवाज खाली आणतात.

आठवतं. ऑगस्ट 2017. लोखंडवालातल्या एका उंच इमारतीत अमेरिकेहून आलेल्या मुलाला घरात आईचा सांगाडाच सापडला. त्या इमारतीलाही गेट होतं, वॉचमन होता. पण बाई बरेच दिवस दिसल्या नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच्या बाराच दिवस आधी, 25 जुलैला, इथे आपल्या घाटकोपर पश्चिमेला चार मजली इमारत कोसळली. 17 माणसं गेली. तळमजल्यावरच्या दुरुस्तीत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तेव्हापासून आमच्याकडे कुठे हातोड्याची ठोकठोक सुरू झाली की वहिनी चप्पल घालून हजर. "काय तोडताय? भिंत का खांब? सोसायटीला कळवलंय का?" कामगार वैतागतात, घरमालक तोंड वाकडं करतो. वहिनी सेक्रेटरीला बोलावून आणतात.

तशी शेजारावर लक्ष ठेवायची ही सवय आपल्या घाटकोपरची जुनीच. 1997 च्या सुमारास महापालिकेने गल्लीगल्लीत एएलएम, म्हणजे रहिवाशांनीच आपला परिसर सांभाळायची योजना, सुरू केली, तिचं बी पूर्वेच्या जोशी लेनमध्ये पडलं होतं. विषय होता कचऱ्याचा. पण ओला-सुका वेगळा करायला माणसं खाली उतरली की कोण कुठल्या मजल्यावर राहतं, कोणाला बीपी आहे, कोणाची मुलं परदेशी आहेत, हे आपसूक कळतं.

आता आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार. वहिनींना मोठ्या कार्पेट एरियाचं कौतुक नाही, त्यांना भीती दाराची आहे. जुन्या घरात दिवसभर नुसतं सेफ्टी डोअर लावलेलं, आतली फोडणी, भांडण, खोकला सगळं पॅसेजमध्ये. नव्या टॉवरमध्ये दोन्ही दारं घट्ट बंद, लिफ्टमध्ये प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये.

"मग काय करणार, वहिनी?"

"काय करायचं? पहिल्याच आठवड्यात मजल्यावरच्या सगळ्यांकडे पोह्यांची डिश घेऊन जाणार. रिकामी डिश परत द्यायला तरी दार उघडतीलच!"

मी हसले. पण दुपारी माझ्या फोनमधले नंबर चाळले. भाजीवाला, प्लंबर, इस्त्रीवाला, गॅसवाला सगळे होते. शेजारच्या आजींच्या मुलीचा नंबर मात्र नव्हता. संध्याकाळी जाऊन घेतला.

तुमच्याकडे आहे का शेजाऱ्यांच्या मुलांचा नंबर? नसेल तर आजच घ्या, आणि तुमच्या मुलांचा नंबर त्यांना देऊन या.