मिगचं निवृत्तीचं वय झालंच नव्हतं

मिग-२१ परत आणावं, अशी आमची मागणी आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. हवाई दलप्रमुख स्वतः उडाले, संरक्षणमंत्री हजर राहिले, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली. ते पाणी धावपट्टीवर वाळायच्या आत आम्हा विमानवेड्यांच्या लक्षात आलं की, फार घाई झाली. १९६३ साली दाखल झालेलं विमान, म्हणजे उणंपुरं ६२ वर्षांचं. या वयात आपल्याकडे राजकारणातली माणसं युवा नेतृत्व म्हणून नुकती कुठे पुढे येत असतात.

ही मागणी भावनेच्या भरात केलेली नाही. ती पूर्णपणे निःस्वार्थ आहे, कारण ते विमान आमच्यापैकी कोणालाही उडवायचं नाही. गच्चीवर उभं राहून मान वर करायची, कानठळ्या बसल्या की डोळे पुसायचे, एवढीच अपेक्षा. इतकं निरपेक्ष प्रेम हल्ली बघायला मिळत नाही.

विमानाचे गुण सांगायचे तर कुठून सुरुवात करावी हा प्रश्न आहे. १४ डिसेंबर १९७१ हा दिवस घ्या. मिग गुवाहाटीहून ढाक्यावर निघण्याच्या बेतात होती. ऐन वेळी लक्ष्य बदललं, आता गव्हर्नर हाऊसवर हल्ला करायचा होता. विंग कमांडर बिश्नोई यांच्या हातात पडला तो पर्यटकांसाठी छापलेला ढाक्याचा नकाशा. त्यावरून त्यांनी ते घर हुडकलं, रॉकेटं नेमकी लागली आणि गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहून दिला. दोन दिवसांनी ढाका पडलं. आता सांगा, उपग्रह आणि संगणक यांचे लाड कशाला हवेत? एक मिग, एक नकाशा आणि एक बिश्नोई, एवढ्यात काम होतं. बिश्नोई दर वेळी कुठून आणायचे, हा तपशिलाचा भाग झाला.

शिवाय हे विमान माणसाला गाफील राहू देत नाही. पंख आखूड, त्यामुळे उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागतो. कमी केला तर विमान हवेत राहण्याची जबाबदारी घेत नाही. पुढच्या जाड चौकटीतून धावपट्टी दिसते, पण बेताने. चाकं टेकली की शेपटीतून पॅराशूट सोडायचं. इंधन इतकं कमी मावतं की फार लांब जाण्याचा मोह होत नाही आणि वैमानिक वेळेवर घरी येतो. येतो तेव्हा.

इथे टीकाकार प्रशिक्षणाचा मुद्दा काढतात. त्यांचं म्हणणं असं की, नवशिक्या पोरं किरण या शांत स्वभावाच्या विमानावर शिकायची आणि तिथून थेट मिगमध्ये बसायची. शिशुवर्गातून एकदम बारावीच्या बोर्डाला. मध्ये एक पायरी हवी, असं हवाई दलालाही वाटत होतं. १९८२ साली एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावं, अशी स्पष्ट शिफारस केली. सरकारने ती मनावर घेतली आणि मार्च २००४ मध्ये ब्रिटनच्या हॉक विमानांचा करार केला. पहिली हॉक बिदरला हवाई दलात दाखल झाली २००८ मध्ये. तोवर तेजपूरला मिग चालवायला मिगवरच शिकवणारी शाळा काढून वेळ भागवली गेली.

करार होईपर्यंतच्या या २२ वर्षांकडे लोक उगाच दोषाच्या नजरेने बघतात. या काळात प्रशिक्षण विमानाच्या फायलीने एकट्या दिल्लीत किती उड्डाणं केली असतील याचा विचार करा. या मंत्रालयातून त्या मंत्रालयात, तिथून समितीकडे, समितीकडून शेरा घेऊन परत. सरकारं बदलली, मंत्री बदलले. पण ती फाईल एकदाही कोसळली नाही. तिचं इंजिन हवेत बंद पडलं नाही, तिला पक्षी आदळला नाही, तिच्यातून कोणाला उडी मारावी लागली नाही. उड्डाणसुरक्षेचा एवढा निर्मळ इतिहास भारतात दुसऱ्या कशालाच नसेल.

आता आकडे. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत माहिती दिली की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मरण पावले. या आकड्यांत मिग घराण्यातली सगळी भावंडं आहेत, एकट्या २१ ला कशाला बदनाम करायचं? टीकाकार पडलेली विमानं मोजतात, आम्ही न पडलेली मोजतो, हा दृष्टिकोनातला फरक आहे. एका आईने, अपघातात मुलाची चूक नव्हती एवढं मान्य व्हावं म्हणून कित्येक वर्षं पत्रव्यवहार केला. अशा गोष्टी वाचल्या की छंदाचा रसभंग होतो, म्हणून आम्ही त्या वाचत नाही.

खरं तर आमची मागणी तशी नवी नाहीच. ती सरकारने आम्ही करायच्या आधीच मान्य केली होती आणि चाळीस वर्षं मनापासून पाळली होती. मिगची जागा घ्यायला हलकं लढाऊ विमान, म्हणजे आजचं तेजस, बनवायचं ठरलं १९८३ साली. ते पहिल्यांदा उडालं ४ जानेवारी २००१ रोजी. तोवर आणि त्यानंतरही मिगला मुदतवाढ, डागडुजी, नवा रडार, नवं नाव बायसन, पुन्हा मुदतवाढ. जुन्या विमानावर जीव लावावा तर तो असा. आम्ही नुसते कॅलेंडरवर फोटो लावणारे.

महाराष्ट्राचा यात भावनिक वाटाही आहे. मिगचं इंजिन ओडिशात कोरापुटला बनायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, पण विमान उभं राहायचं नाशिकजवळ ओझरला. नाशिककर त्या वसाहतीला अजून ‘ओझर मिग’ म्हणतात. चंडीगडच्या निरोपानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं. ही विमानं हवाई दलाला मार्च २०२४ पासून मिळायची होती. अमेरिकेतून इंजिनंच वेळेवर आली नाहीत. हे पाहता, वसाहतीचं नाव बदलण्यापेक्षा विमान परत आणणं केव्हाही स्वस्त पडेल.

इंजिनावरून आठवलं. आमच्यात मरुतवाल्यांचा एक कडवा गट आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी फॉक-वुल्फ १९० बनवणाऱ्या कर्ट टँक यांना १९५६ साली बंगळूरला आणून आपण एचएफ-२४ मरुत तयार करवून घेतलं. देखणं विमान. आवाजापेक्षा वेगाने जाण्यासाठी घडवलेलं, पण त्या ताकदीचं इंजिन काही मिळालं नाही, म्हणून ते शेवटपर्यंत आवाजाच्या मागेच राहिलं. तरी १४७ बनली आणि १९७१ साली राजस्थानच्या आघाडीवर लढलीही. मरुतवाल्यांचं म्हणणं बिनतोड आहे: इंजिनाची वाट बघण्याच्या कामात मरुत तेजसपेक्षा कितीतरी आधी रुजू झालं, तेव्हा सेवाज्येष्ठतेने पुढचं इंजिन त्याला द्यावं.

सी हॅरियरवाले त्या मानाने हळवे. जागच्या जागी उतरणारं हे विमान २०१६ साली गोव्यात दाबोळीच्या हंसा तळावर निवृत्त झालं. आता ते जवळच, बोगमाळोच्या वस्तुसंग्रहालयात खारं वारं खात उभं असतं. सहलीला आलेली मुलं इंजिनाच्या तोंडात डोकं घालून ‘ए’ असा आवाज काढतात, कारण तो आत घुमतो. ते परत आणायला अडचण एवढीच की ज्या विराट नौकेवरून ते उडायचं, ती २०२० साली अलंगला तोडायला गेली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटींचा आराखडा मंजूर करून, सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय आणि हॉटेल करायचं ठरवलं होतं. नौका गेली, हॉटेल झालं नाही, पण मंजुरी कोणी मोडीत काढल्याचं ऐकलं नाही. सी हॅरियर तूर्त त्या मंजुरीवर उतरवता येईल.

देशाच्या संरक्षणाचं गणितही आमच्याच बाजूचं आहे. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत, मिग गेल्यावर उरल्या २९. मिगच्या शेवटच्या दोन परत आल्या की ३१. मरुत, हंटर, नॅट, कॅनबेरा यांना बोलावलं की आकडा भरत येईल. चौकाचौकांत आणि कॉलेजांच्या आवारांत खांबांवर चढवलेली विमानं उतरवली तर चार-दोन शिल्लकही पडतील. ती उडतील का, असं विचारणाऱ्यांना गणित आणि विमानविद्या यांतला फरक कळत नाही.

राहता राहिला वैमानिकांचा प्रश्न. आमच्यापैकी बहुतेकांची साठी उलटली आहे, बाकीच्यांना चष्मे आहेत. पण परवा चांगली बातमी कळली. आमच्यातले सगळ्यात कट्टर मिगभक्त, ज्यांच्या दिवाणखान्यात मिगची सहा मॉडेलं आहेत आणि चंडीगडचा समारंभ पाहताना ज्यांना रडू आवरेना, त्या काकांचा नातू एनडीएची परीक्षा पास झाला. खडकवासल्याला जाणार, पुढे हवाई दल. आम्ही पेढे खायला गेलो आणि म्हटलं, “काका, मिग परत आलं की पहिला मान तुमच्या नातवाचा.”

काकूंनी पेढ्यांचा बॉक्स उचलून आत नेला. काकांनी एक मॉडेल हातात घेऊन त्यावरची धूळ फुंकरली.

“मिग ते मिगच,” ते म्हणाले. “पण त्याला मी सांगून ठेवलंय, मालवाहू विमानांकडे जा म्हणून. सी-१७ बरं. चार इंजिनं असतात त्याला.”